प्रत काढणं हीच ज्यांची उपासना: स्वीडनचा कॉपीमी पंथ आणि आपण

उत्तरेकडचा | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. विषय बरेच दिवस मनात घोळतोय, आज बसलोच लिहायला.

मी २०१० पासून स्वीडनमध्ये उप्सालाला राहतो. जानेवारी २०१२ ची गोष्ट. ऑफिसात सकाळची फिका चालू होती. फिका म्हणजे कॉफी, दालचिनीचा पाव आणि गप्पा, इथला रोजचा नेम. एका सहकाऱ्यानं बातमी दाखवली की फाइल कॉपी करणं हे पवित्र कर्म मानणाऱ्या एका पंथाची सरकारदरबारी धर्मसमुदाय म्हणून नोंद झाली. टेबलाभोवतीचे सगळे हसले. मला मात्र आमच्या गावच्या घराचं माजघर आठवलं.

आजोबा चातुर्मासात रोज पहाटे हरिपाठाची नक्कल करायचे. रोज एकच पान. मजकूर निळ्या शाईत, अभंगाचा आकडा लाल शाईत. वही पुरी झाली की ती घरात राहत नसे. सासरी निघालेल्या भाचीला द्यायची, नाहीतर पंढरीच्या वाटेवर भेटलेल्या कुणाला तरी. घरात छापील हरिपाठ होता. मी एकदा विचारलं, छापील आहे तर कशाला लिहिता? म्हणाले, "वाचताना डोळा पळतो. लिहिताना पळत नाही."

तर हा पंथ. नाव मिशनेरांदे कोपिमिस्तसामफुंदेत. 'कोपिमी' म्हणजे 'माझी प्रत काढ'. हा शब्द आणि त्याचं चिन्ह पिरातबिरोन या मुक्तपणे प्रती वाटण्याच्या बाजूनं बोलणाऱ्या गटाकडून आलं. याच गटातून २००३ मध्ये पायरेट बे हे गाणी-सिनेमांच्या फाइल शोधून उतरवायचं संकेतस्थळ उभं राहिलं. पंथ काढला इसाक गेर्सन या उप्सालातच तत्त्वज्ञान शिकणाऱ्या विशीतल्या मुलानं. धर्मसमुदायांची नोंद इथं कामरकोलेगियेत नावाचं खातं करतं. तिसऱ्या अर्जाला यश आलं. अडलं होतं ते श्रद्धेवर नव्हे, उपासनेवर. कायद्याप्रमाणे समुदायाकडे ठरलेली उपासना हवी, ती त्यांनी नीट लिहून दिली आणि २०११ च्या नाताळाच्या सुमारास नोंद झाली.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. ज्ञान सगळ्यांचं. ज्ञानाचा शोध पवित्र, त्याचा प्रसार पवित्र, प्रत काढणं पवित्र. नुसत्या हुबेहूब प्रतीपेक्षा आपली भर घालून केलेली प्रत आणखी पवित्र. दुसऱ्यानं सांगितलेल्याची प्रत काढणं म्हणजे त्याचा मान राखणं. कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही ही त्यांची पवित्र चिन्हं. बायबलातल्या पौलाच्या पत्रात, मी ख्रिस्ताचं अनुकरण करतो तसं तुम्ही माझं करा, असं वचन आहे, त्याचाही ते आधार घेतात. एप्रिल २०१२ मध्ये बेलग्रेडला त्यांच्यातलं पहिलं लग्नसुद्धा लागलं.

एक गैरसमज आधीच दूर करतो. नोंदणीमुळे कुणालाही फुकट डाउनलोड करायचा परवाना मिळालेला नाही. प्रताधिकाराचा कायदा त्यांनाही तसाच लागू आहे.

मला ही श्रद्धा खोटी वाटत नाही. पण त्यात काहीतरी राहून गेलंय असंही वाटतं, आणि ते नेमकं काय हे मला तुमच्याशी बोलून शोधायचंय.

वाळवंटातली_वारी | रविवार, रात्री ९:३४

आजोबांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पिपेट | रविवार, रात्री १०:०२

धाग्याबद्दल आभार. मी मराठवाड्यात रसायनशास्त्रात पीएचडी करतेय, म्हणून यात जीव अडकलाय.

एका शोधनिबंधाला तीस-चाळीस डॉलर. एका प्रकरणासाठी मला दोनशेच्या वर निबंध वाचायला लागले. हिशेब तुम्हीच करा, माझी फेलोशिप किती असते तेही माहीत असेल. निबंध लिहिणाऱ्याला प्रकाशक पैसे देत नाही, तपासणाऱ्यालाही देत नाही. संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा जनतेच्या करातून झालेला. मग कुलूप कशाला?

शोधनिबंध फुकट देणारं सायहब हे संकेतस्थळ २०११ मध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यानं सुरू केलं, तिचीही अडचण हीच होती. डिसेंबर २०२० मध्ये तीन मोठे प्रकाशक तिच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करायचा आदेश निघाला. मधल्या काळात सरकारनं 'एक राष्ट्र एक सदस्यता' आणली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली. मला त्याचा खरोखर उपयोग होतोय, ते नाकारत नाही. पण माझी मैत्रीण खाजगी विनाअनुदानित कॉलेजात शिकवते. तिला नाही.

ज्ञान खुलं व्हावं म्हणून झगडणाऱ्या अमेरिकेतल्या आरन स्वार्ट्झनं २००८ मध्ये लिहिलं होतं की वाटणं हे नैतिक कर्तव्य आहे. जानेवारी २०१३ मध्ये तो गेला, २६ वर्षांचा होता. तो कुठल्या पंथात नव्हता. तरी मला वाटतं, कॉपीमी लोक जे म्हणतात ते त्यानं अंगावर घेतलं.

टाईपखिळा | रविवार, रात्री ११:२०

पिपेटताई, तुमच्या निबंधांचं मला पटतं. लिहिणाऱ्याला पगार विद्यापीठ देतं, प्रकाशक देत नाही, मग प्रत फुकट फिरली तर लिहिणाऱ्याच्या ताटातलं काही जात नाही. माझं दुखणं वेगळं आहे, म्हणून लिहितो.

माझी छोटी प्रकाशनसंस्था आहे, म्हणजे मी, बायको आणि एक डीटीपी करणारा मुलगा. दोन वर्षांपूर्वी एक अनुवाद काढला. अनुवादिकेनं त्याच्यावर बावीस महिने काम केलं. मूळ हक्काचे पैसे आगाऊ भरले, तीनदा मुद्रितं तपासली, ५०० प्रती छापल्या. प्रकाशन शनिवारी झालं आणि पुढच्या गुरुवारी माझ्याच फोनवर पुस्तकाची पीडीएफ आली, आमच्याच वाचकांच्या एका गटातून.

मी ती पानन् पान बघितली. कुणीतरी आमचंच पुस्तक विकत घेऊन ट्यूबलाइटखाली फोटो काढले होते. पान ८७ वर त्याचा अंगठा आलाय. नखाला हळद लागलेली, जेवून बसला असावा. आणि पहिली चार पानं गायब. अनुवादिकेचं नाव, मुखपृष्ठ करणाऱ्याचं नाव, मुद्रितशोधकाचं नाव, सगळं त्या चार पानांवर होतं. त्यांच्या जागी एकच पान घातलेलं. त्यावर समईचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात 'ज्ञान वाटल्याने वाढते'.

पैशांचं दुःख आहेच. ३१० प्रती अजून माळ्यावर आहेत. पण अनुवादिकेला ती पीडीएफ दाखवली तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "माझं नाव का काढलं असेल?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. तुमच्या त्या पंथाकडे आहे का?

गोदातीर | सोमवार, सकाळी ७:१५

टाईपखिळा दादा, वाचून वाईट वाटलं. अशा दोन पीडीएफ माझ्याही फोनमध्ये आहेत. पुढे पाठवलेल्या नाहीत, पण उघडून वाचल्यात. आज काढून टाकते.

बाड | सोमवार, सकाळी ११:४०

'माझं नाव का काढलं असेल' हा प्रश्न जुना आहे. माझं काम हस्तलिखितांचं, तिकडचं थोडं सांगतो.

आपल्याकडे छापखाना येईपर्यंत सगळं साहित्य प्रत काढण्यावरच जगलं. तुकोबांचे अभंग आपल्यापर्यंत आले त्यात संताजी जगनाड्यांच्या लेखणीचा वाटा किती मोठा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. रामदासी मठांत नक्कल करणं हा साधनेचाच भाग होता. जैनांमध्ये शास्त्रदान म्हणून पोथ्या लिहवून घेत, पाटण आणि जैसलमेरचे भांडार त्यातूनच भरले. बौद्धांमध्ये सूत्राची प्रत काढण्याचं पुण्य खुद्द सूत्रातच सांगितलेलं असतं. चीनमध्ये ८६८ सालचं एक छापील वज्रच्छेदिका सूत्र सापडलं, त्याच्या शेवटी लिहिलंय की हे आईवडिलांप्रीत्यर्थ सर्वांना फुकट वाटण्यासाठी केलं. आपल्या इगतपुरीच्या विपश्यना संशोधन संस्थेनं अख्खं तिपिटक सीडीवर घालून विनामूल्य वाटलं, तेही त्याच वाटेवरचं. म्हणजे प्रत काढणं पवित्र आहे हे स्वीडनच्या मुलाला पहिल्यांदा सुचलेलं नाही.

पण पोथीच्या शेवटी काय असतं ते बघा. शक, संवत्सर, तिथी, वार, गाव, लिहिणाराचं नाव, बऱ्याचदा त्याच्या वडिलांचंही, कुणासाठी लिहिली आणि कुठल्या प्रतीवरून उतरवली ते. आणि मग ती ओळ येते, जसं पुस्तक पाहिलं तसं मी लिहिलं, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. पाचशे पानं लिहून मान मोडलेल्या माणसाची सही असते ती. त्या चार ओळींतूनच आम्ही पोथीचा प्रवास लावतो. त्या नसल्या की पोथी पोरकी.

आता 'भर घालून केलेली प्रत जास्त पवित्र' या मुद्द्याकडे येतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. अडीचशे-तीनशे वर्षांत नकलाकारांनी भक्तीच्या भरात आपापल्या ओव्या आत घातल्या होत्या. नाथांनी प्रती जमवल्या, पाठ ताडून पाहिले आणि शेवटी बजावलं की यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली. याच एकनाथांनी स्वतः भागवतावर, रामायणावर मनमुराद लिहिलं, पण ते आपल्या नावानं, वेगळा ग्रंथ म्हणून. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याचं घेऊन नवं करायला कुणाची ना नाही. दुसऱ्याच्या ताटात गुपचूप काही सरकवायचं नाही, आणि काढायचंही नाही.

आणि कुलूप लावणारेही आपल्याकडे होतेच. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. पावित्र्य राखायचं म्हणून, परक्या हाती पडू नयेत म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी लिपी उलगडेपर्यंत मराठीतलं आरंभीचं गद्य मराठी वाचकालाच बंद होतं. कुलपानं ग्रंथ जपला हे खरं, आणि पाचशेहून जास्त वर्षं पंथाबाहेर कुणाला दिसला नाही हेही खरं.

जाता जाता एक. सहाव्या शतकात आयर्लंडमध्ये कोलुंबा नावाच्या साधूनं गुरूच्या पुस्तकाची न विचारता प्रत काढली आणि वाद राजापुढे गेला, अशी कथा सांगतात. राजानं निकाल दिला: गाईचं वासरू गाईच्या मालकाचं, तशी पुस्तकाची प्रत पुस्तकाच्या मालकाची. कोलुंबा पुढे संत झाला. वाद अजून मिटलेला नाही.

चिंचेचा_पार | सोमवार, दुपारी १२:०५

बाड सर, यावर स्वतंत्र धागा काढाच. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

साईड बी | सोमवार, दुपारी ३:३०

मी कधी लिहीत नाही, नुसता वाचतो. आज लिहितो.

१९८६ ते २००१ माझं नाशिकरोडला कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये दहा-बारा, नव्वदच्यात सोळा-सतरा. दोन डेक, मध्ये वायर. गाणं कापलं जाऊ नये म्हणून मी घड्याळ लावून बसायचो, आणि वेष्टनावर गाणं, गायक, संगीतकार सगळं स्वतःच्या अक्षरात लिहायचो. तालुक्यातल्या लोकांनी कितीतरी जुनी नाट्यपदं माझ्यामुळे ऐकली, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं. बाजारात ती मिळतच नव्हती.

एकदा एक धोतरवाले गृहस्थ आले. एका भजनाच्या कॅसेटची प्रत हवी म्हणाले. मूळ कॅसेट माझ्याकडे होती. मी लावली. ते काउंटरला टेकून डोळे मिटून दोन्ही बाजू पूर्ण ऐकत उभे राहिले. भरून झाल्यावर वीस रुपये ठेवले, मी घेतले. दोन वर्षांनी ओझरच्या एका सप्ताहात तेच गृहस्थ वीणा घेऊन उभे दिसले. कॅसेट त्यांचीच होती. त्यांच्याकडे स्वतःची एकही प्रत उरली नव्हती, म्हणून माझ्याकडे आले होते.

मी त्यांना भेटलो, पाया पडलो, पैसे परत द्यायला लागलो. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "तू नसतास तर मला माझाच आवाज मिळाला नसता." दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण ते वीस रुपये मला अजून जड आहेत. यात चोर कोण आणि राखणदार कोण, मला सांगता येत नाही. दोन्ही मीच होतो.

उत्तरेकडचा | सोमवार, रात्री ९:००

साईड बी काका, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. लिहीत राहा.

टाईपखिळा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पंथाकडे आहे का, यावर दिवसभर विचार करत होतो. त्यांचे लिहिलेले नियम पुन्हा वाचले. प्रत काढणं म्हणजे मान राखणं, असं ते म्हणतात. मग चार पानं काढून टाकणाऱ्यानं कुणाचा मान राखला? त्यांच्याच कसोटीवर ती पीडीएफ नापास आहे. पण त्यांचे नियम ज्ञानाबद्दल बोलतात, माहितीबद्दल बोलतात, आणि ती घडवणाऱ्या, भाडं भरणाऱ्या, वाट बघणाऱ्या माणसाबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाहीत. मला जे राहून गेल्यासारखं वाटत होतं ते हेच असावं.

हे स्वीडनमध्येच का घडलं, त्यालाही कारणं आहेत. इथं १७६६ च्या कायद्यापासून सरकारी कागद बघायचा आणि त्याची प्रत मागायचा हक्क आहे. आपल्याकडे माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला, त्याच्या जवळजवळ दोनशे चाळीस वर्षं आधी. कागद सगळ्यांचा असतो हे इथल्या माणसाला शाळेपासून ठाऊक. १९९० च्या दशकाच्या शेवटी करसवलतीमुळे नोकरदारांच्या घरोघरी संगणक आले, पाठोपाठ वेगवान इंटरनेट आलं. मग ३१ मे २००६ ला पायरेट बेवर पोलिसांचा छापा पडला. १७ एप्रिल २००९ ला चौघांना एकेक वर्ष कैद आणि मिळून तीन कोटी क्रोनर भरपाई, असा निकाल लागला. पुढे अपिलात कैद कमी झाली, भरपाई वाढली. निकालानंतर दोन महिन्यांतच पायरेट पक्षाला युरोपीय संसदेच्या निवडणुकीत इथं ७.१ टक्के मतं पडली. त्या तापलेल्या हवेतून हा पंथ आला.

त्याच देशात दुसरंही घडत होतं. स्टॉकहोमच्या स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीनं २००८ च्या ऑक्टोबरमध्ये सेवा सुरू केली. महिन्याचे थोडे पैसे, नाहीतर जाहिराती, आणि गाणं लगेच. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी डाउनलोड करणं सोडलं ते शिक्षेच्या भीतीनं नाही, सोय झाली म्हणून. गायकांना त्यातून किती मिळतं हे भांडण मात्र आजही चालू आहे.

शिरस्तेदार | सोमवार, रात्री १०:२५

कायद्यापुरतं बोलतो, कारण इथं बऱ्याच जणांच्या मनात धाक किंवा बेफिकिरी, दोन टोकं दिसतात.

आपला कायदा १९५७ चा. लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क राहतो. टाईपखिळा, तुमच्या बाबतीत जे झालं तो सरळ भंग आहे. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. नाव काढणं हा वेगळा भंग, त्याला कलम ५७ आहे. हक्क विकून टाकले तरी आपलं नाव लावून घ्यायचा लेखकाचा अधिकार जात नाही, आणि अनुवादक त्याच्या अनुवादाचा लेखकच असतो. 'माझा धर्म सांगतो' म्हणून संविधानाच्या कलम २५ चा आडोसा इथं मिळेल असं मला वाटत नाही.

पण दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगितली पाहिजे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपीच्या दुकानावर तीन परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयानं तो फेटाळला. प्रताधिकार हा अटळ, दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, असं त्या निकालात लिहिलंय. या धाग्यावर 'दैवी' हा शब्द मुद्दाम अधोरेखित करतो. पुढे खंडपीठानंही अभ्यासक्रमापुरत्या प्रतींची मुभा मान्य केली. कलम ५२ मध्ये अशा मुभांची लांबलचक यादी आहे. ती वाचली जात नाही, हे आपलं दुर्दैव.

स्पर्शरेषा | मंगळवार, सकाळी ८:५०

त्या यादीतल्या एका ओळीवर मी जगते. मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर वाचते. अपंग व्यक्तींसाठी वाचता येईल अशी प्रत करायला २०१२ पासून आपल्या कायद्यात मुभा आहे. याच विषयावरचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि तो सगळ्यांत आधी मंजूर करणारा देश भारत होता, २०१४ मध्ये. याचा मला अभिमान आहे.

पण हातात काय पडतं? फोटो काढलेल्या पीडीएफमध्ये माझ्यासाठी अक्षरच नसतं, नुसतं 'चित्र, चित्र, चित्र' ऐकू येतं. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली फाइल असेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. पूर्ण पुस्तक ऐकायचं तर कुणीतरी ते पुन्हा टाइप करावं लागतं. माझ्यासाठी तीन कादंबऱ्या एका निवृत्त शिक्षिकेनं टाइप केल्या, रोज चार पानं. उत्तरेकडचा, तुमच्या आजोबांसारख्याच. त्या बाई माझ्यासाठी त्या तीन लेखकांइतक्याच मोठ्या आहेत.

टाईपखिळा | मंगळवार, सकाळी ९:३०

स्पर्शरेषाताई, मला निरोप करा. आमच्या सगळ्या पुस्तकांच्या युनिकोड फाइल माझ्याकडे आहेत. आजच पाठवतो, पहिल्या चार पानांसकट.

कपाट क्रमांक सात | मंगळवार, दुपारी २:१५

मी तालुक्याच्या गावी वाचनालयात ग्रंथपाल आहे. 'ब' वर्ग, अनुदान वेळेवर नाही, ते असो. शिरस्तेदार साहेबांना एक विचारायचंय.

आमच्या सात नंबरच्या कपाटात १९३८ चं एक पुस्तक आहे. इथल्याच एका शाळामास्तरांनी आसपासच्या गावांत फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या. दुसरी प्रत मला कुठेही सापडली नाही, मोठ्या ग्रंथालयांत चौकशी केली. मास्तर १९७१ मध्ये वारले. म्हणजे हक्क २०३१ अखेरपर्यंत. वारस कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही, वाड्याच्या जागी आता पतसंस्था आहे. आणि पुस्तकाला कसर लागलीय. पान उलटलं की टेबलावर पिवळी भुकटी पडते, ती मी ब्रशनं गोळा करते. २०३२ पर्यंत ते टिकत नाही, हे मी लिहून देते. स्कॅन केलं तर मी चोर ठरेन का?

अजून एक मनात येतं. ओव्या मास्तरांच्या नव्हत्या. दळणाऱ्या बायांच्या होत्या. त्यांचं एकीचंही नाव पुस्तकात नाही, 'एका वृद्धेकडून' एवढंच. मग हक्क नक्की कुणाचा संपायचाय?

शिरस्तेदार | मंगळवार, दुपारी ४:४०

ताई, निर्धास्त राहा आणि आजच सुरुवात करा. कलम ५२(१)(न) प्रमाणे विना-नफा सार्वजनिक वाचनालयाला स्वतःकडच्या पुस्तकाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. (ओ) प्रमाणे भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती वाचनालयाच्या वापरासाठी काढता येतात. फक्त ती फाइल इंटरनेटवर सगळ्यांना खुली करू नका. त्यासाठी वेगळी वाट आहे, लेखक हयात नाही किंवा सापडत नाही अशा पुस्तकांसाठी कलम ३१अ खाली परवाना मागता येतो. तो अर्ज मी करून देईन, फी नको.

बायांच्या नावांचं उत्तर कायद्यात नाही.

बाड | मंगळवार, सायंकाळी ६:१०

कायद्यात नाही, पण कामात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज 'परी' या संकेतस्थळावर सगळ्यांना खुल्या आहेत, गाणारणीच्या नावासह आणि गावासह. आधी नाव आणि मग प्रत, हा पाठ त्यांनी घालून दिलाय. कपाट क्रमांक सात, तुमच्या पुस्तकातल्या ओव्या तिथल्या ओव्यांशी ताडून बघायला मला फार आवडेल. गाव जुळलं तर एखादं नाव कदाचित सापडेल.

उत्तरेकडचा | मंगळवार, रात्री ११:००

ताई, स्कॅनर आहे का तुमच्याकडे? नसेल तर मी पाठवतो. खरंच विचारतोय.

कोपिमी पंथ काढणारा तो मुलगा म्हणतो प्रत काढणं पवित्र, आणि मी त्याच्याशी सहमत आहे. माझी अट एकच. प्रत काढणाऱ्यानं स्वतः काहीतरी घालावं. वेळ घालावा, अक्षर घालावं, शोधाशोध घालावी, आणि माणूस जिवंत असेल तर त्याच्या दारात जाऊन विचारावं. आजोबांनी घातलं, टाइप करणाऱ्या बाईंनी घातलं, काकांनी घड्याळ लावून घातलं. फॉरवर्डचं बटण दाबणाऱ्यानं काय घातलं, ते मला दिसत नाही.

पिपेट | मंगळवार, रात्री ११:२५

थोडी असहमत. बटण दाबणाऱ्यामुळेच मी इथवर आले. ज्यानं कुणी माझ्यासाठी पहिला निबंध वर टाकला, त्यानं नोकरी पणाला लावली असेल. धोका पत्करणं हेही घालणंच आहे. पण नावाच्या बाबतीत शंभर टक्के तुमच्या बाजूनं.

कपाट क्रमांक सात | शनिवार, सायंकाळी ५:४५

सगळ्यांचे आभार. स्कॅनर शाळेनं दिला, संगणक शिकवणारे सर दोन दिवस मदतीला आले. शिवण सोडवायचा धीर झाला नाही, पुस्तक अर्धंच उघडून एकेक पान घेतोय. १७६ पैकी १२४ झाली.

पान ६१ ते ६४ पाशी हात थांबला. तिथं छापील पानंच नाहीत. कधीतरी गळाली असावीत. त्यांच्या जागी फुलस्केपचे दोन कागद त्याच मापाला कापून, खळीनं चिकटवलेले आहेत. चारही पानांवर हातानं लिहिलेल्या ओव्या, ओळीला ओळ जुळवून, छापल्यात असतो तसा पानाचा आकडासुद्धा वर मधोमध काढलेला. शेवटी बारीक अक्षरात तारीख, १९६८ सालची, आणि 'मास्तरांच्या घरच्या प्रतीवरून उतरून घेतले, त्यांना वाचून दाखविले'. खाली सही. त्या काळच्या ग्रंथपालांची आहे, जुन्या देवघेव वहीत तशीच सही सापडली.

बाकीची पानं काळ्या-पांढऱ्यात करतोय, फाइल जड होते म्हणून. ही चार मात्र रंगीत केली. शाई निळी आहे आणि ओव्यांचे आकडे लाल.